‘श्यामची आई’ पुन्हा वाचताना: प्रत कोणती घ्यावी, कुठे थांबावं

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, ती 1935 मध्ये पुस्तकरूपाने आली. इंदूरच्या मराठी घरांत हे पुस्तक आजही मुलांना भेट दिलं जातं आणि पुष्कळदा कपाटातच राहतं, कारण हिंदी किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या इथल्या मुलाला ते एकट्यानं वाचणं जड जातं. खरं तर ते मोठ्यानं वाचून दाखवायचं पुस्तक आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा 42 रात्री.

आधी प्रत तपासा. गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे 2011 पासून पुस्तक हक्कमुक्त आहे आणि बऱ्याच प्रकाशकांच्या आवृत्त्या मिळतात. अनुक्रमणिकेत ‘प्रारंभ’ आणि पुढे पूर्ण 42 रात्री हव्यात. ऑनलाइन मागवत असाल तर अनुक्रमणिकेचा फोटो आधी मागून घ्या.

सुरुवात सातव्या ‘पत्रावळ’ किंवा अठराव्या ‘अळणी भाजी’पासून करावी. दोन्हींत घरातला साधा प्रसंग आहे, मूल लगेच रमतं. काही रात्रींच्या आरंभी उपदेश लांबतो. तिथे चार ओळी गाळल्या तरी गोष्ट तुटत नाही.

बाराव्या रात्री मात्र काही गाळू नये. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारते. लेखक हे प्रेमाचंच रूप मानतो. आज ते तसंच वाचून पुढे जाणं बरोबर नाही. मुलाला काय वाटलं ते विचारा.

पंचविसावी, ‘देवाला सारी प्रिय’, सर्वांत अवघड. महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दे, असं आई श्यामला सांगते आणि घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. लहानपणी फक्त माया दिसते. मोठेपणी ती आंघोळ खटकते, आणि खटकायलाच हवी: करुणा खरी आहे, पण विटाळ जागच्या जागी आहे. याच लेखकानं 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हेही त्याच बैठकीत सांगावं.

पुस्तकाचं खरं बळ 32 ते 37 या रात्रींत आहे. आईला आपण संस्कारांची मूर्ती करून ठेवलं. इथे ती कर्जात बुडणाऱ्या घरातली बाई आहे. हिशेब तिला कळतो, पण निर्णय तिच्या हातात नाही. ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ आणि त्यानंतरची जप्ती मोठ्यांनी आधी स्वतः वाचावी. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला सावकार, व्याज, गहाण समजावता येतं.

अडतिसाव्या रात्रीपासून आईचं आजारपण आणि मृत्यू येतो. हा भाग झोपायच्या आधी नको, सुटीच्या दिवशी सकाळी वाचा.