बीआ की अ‍ॅलिस्टर? पोकेमॉन स्वोर्ड आणि शील्डमधून एक निवडताना

पोकेमॉन स्वोर्ड घ्यायचा की शील्ड, या जोडीच्या व्हिडिओ गेममधून कोणता, हा प्रश्न माझ्याकडे येतो तो बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नसते आणि घरात कुणा काकानं दुबईहून आणलेला निन्टेन्डो स्विच, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, पडलेला असतो. मग जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत ओळखीतले आईबाप विचारत येतात, या दोन्हींत फरक तो काय? दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "काही नाही की ओ, कव्हरवरचा कुत्रा तेवढा वेगळा."

दुकानदार अगदीच चूक नाही. दोन्ही गेम १५ नोव्हेंबर २०१९ ला एकाच दिवशी आले. गॅलर हा प्रदेश तोच, गोष्ट तीच, आठ जिमची, म्हणजे एकेका लीडरला हरवत पुढे जायच्या ठिकाणांची, वाट तीच. काही पोकेमॉन, म्हणजे पकडून लढवायचे प्राणी, एकात मिळतात, दुसऱ्यात मिळत नाहीत, आणि आठांपैकी दोन जिमचे लीडर वेगळे आहेत: चौथ्या आणि सहाव्या. पोकेमॉनच्या याद्या नेटवर ढिगानं आहेत, त्या बघून कुणाचा निर्णय झालेला मी तरी पाहिला नाही. माझ्या मते निवड करायची ती चौथ्या जिमवरून. स्वोर्डमध्ये तिथे बीआ उभी असते, शील्डमध्ये अ‍ॅलिस्टर. दोघांशी लढण्याची तऱ्हा इतकी वेगळी आहे, की खेळणाऱ्याचा स्वभाव माहीत असेल तर उत्तर लगेच सापडतं.

गाव एकच, स्टो-ऑन-साइड. लीडरपर्यंत पोचण्याआधीचं कामही दोन्हीकडे सारखंच: फिरत्या कपात बसून धक्के खात खाली घसरायचं. गड्ड्याच्या जत्रेत असल्या पाळण्यात बसलेल्या पोरांना ते शिकवावं लागत नाही. खरा फरक स्टेडियमचं दार उघडल्यावर दिसतो.

बीआ ही गॅलरच्या कराटेतली लहान वयातच नाव कमावलेली खेळाडू. अनवाणी उभी राहते, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. तिच्याकडे सगळे फायटिंग टाइपचे (टाइप म्हणजे पोकेमॉनची जात, कोणती कुणाला भारी हे ठरलेलं): हिटमॉनटॉप आणि पँगोरो लेव्हल ३४ चे, सरफेच्ड ३५ चा आणि शेवटी मचॅम्प ३६ चा. टीम साधी दिसते. कागदावर फायटिंगला तीन गोष्टी भारी पडतात, फ्लाइंग, सायकिक आणि फेअरी. पोरं हे पाठ करून जातात आणि दुसऱ्याच पोकेमॉनला अडकतात. पँगोरो नुसता फायटिंग नाही, डार्कही आहे. डार्कवर सायकिक मूव्हचा, म्हणजे डावाचा, काडीचाही परिणाम होत नाही. तोच पँगोरो फेअरी मूव्हपुढे मात्र चौपट मार खातो. म्हणजे एकट्या सायकिकच्या भरवशावर गेलात तर वाट बंद, आणि फेअरी घेऊन गेलात तर ती लढत एका फटक्याची.

दुसरी गोष्ट रिव्हेंज या मूव्हची. ती बीआची आवडती, जिंकल्यावर बक्षीस म्हणूनही तीच मिळते. रिव्हेंज मारणारा त्या फेरीत सगळ्यात शेवटी हलतो, पण आधी मार खाल्लेला असेल तर दुप्पट जोरानं परत देतो. अर्धवट फटके मारत बसणाऱ्याला ही लढत महागात पडते. एकाच फटक्यात समोरचा आडवा झाला, तर रिव्हेंजची पाळीच येत नाही. एवढं एक सूत्र कळलं की लढत अर्धी सुटली.

माझ्या भाच्यानं इथे भारी डोकं लढवलं होतं. "मामा, भुताला बुक्की लागतच नाही ना? मग मी हॉन्टर नेतो." नियमानं त्याचं बरोबरच होतं, हॉन्टर घोस्ट टाइपचा आणि फायटिंग मूव्ह घोस्टला लागत नाही. पण बीआच्या टीमकडे त्याचंही उत्तर तयार आहे. पँगोरोकडे नाइट स्लॅश, सरफेच्डकडे ब्रूटल स्विंग, मचॅम्पकडे नॉक ऑफ, म्हणजे तिघांकडे एकेक डार्क मूव्ह, आणि डार्क घोस्टला दुप्पट लागतो. हॉन्टरचा जीव तो केवढा! भाचा नंतर दोन दिवस बीआचं नाव काढत नव्हता. मला मात्र ही टीम बनवणाऱ्याचं कौतुक वाटतं. पळवाट कुठून शोधली जाईल हे आधीच ओळखून तिथे माणूस उभा केलाय.

मग मचॅम्प. बीआ त्याला मैदानात आणताच जायगँटामॅक्स करते, म्हणजे तीन फेऱ्यांपुरता तो स्टेडियमएवढा होतो. रिव्हेंजची तेव्हा जी-मॅक्स ची स्ट्राइक होते आणि शेवटी हलायची तिची अट सुटते. शिवाय प्रत्येक फटक्यानंतर त्याचे पुढचे फटके वर्मी बसण्याची शक्यता वाढते. म्हणून त्या तीन फेऱ्या लांबवण्यात शहाणपण नाही. आपलाही एक पोकेमॉन डायनामॅक्स, म्हणजे तसाच मोठा, करता येतो, तो तोवर राखून ठेवायचा. फ्लाइंगवाला असेल तर उत्तमच, कारण मग त्याची मॅक्स एअरस्ट्रीम ही मूव्ह मारली की मार तर बसतोच, आपला वेगही वाढतो. असा पोकेमॉन शोधायला लांब जावं लागत नाही. गेमच्या अगदी पहिल्या वाटेवर रूकिडी नावाचं चिमणीएवढं पाखरू मिळतं. तेच वाढत इथे पोचेपर्यंत कॉर्विस्क्वायर झालेलं असतं. पहिल्या दिवसापासून ते सांभाळलेल्या पोराला बीआ अवघड जात नाही, आणि माझ्या लेखी यात काही गैर नाही.

आता शील्ड. अ‍ॅलिस्टर हे मुखवटा लावलेलं, बुजरं पोर. टीम घोस्ट टाइपची: गॅलरचा यामास्क आणि मिमिक्यू ३४ चे, कर्सोला ३५ ची, गेंगार ३६ चा. लेव्हल बघाल तर बीआच्या टीमशी एक आकड्याचाही फरक नाही. तरी नवख्याला हीच लढत जड जाते, आणि कारण ताकद नाही. इथे तुमचे फटके वाया जातात. नॉर्मल आणि फायटिंग मूव्ह घोस्टला लागतच नाहीत. मिमिक्यूचं सोंग पहिला फटका अंगावर घेतं, त्याचं रक्त आठवा हिस्सा तेवढं कमी होतं, मग कुठे खरी लढाई सुरू होते. तुमचा सगळ्यात जबरदस्त वार त्या पहिल्या फटक्यात खर्ची पडला की पोर चिडतं. खरं तर तिथे आधी एखादा फालतू फटका टाकायचा असतो, पण हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शेवटी जायगँटामॅक्स झालेला गेंगार येतो. त्याच्या जी-मॅक्स टेररचा फटका खाल्लेल्या पोकेमॉनला मागे घेऊन दुसरा पाठवता येत नाही. जो अडकला तो अडकला.

तयारीही उलटसुलट होते. गॅलरचा झिगझॅगून सुरुवातीच्या वाटांवरच भेटतो, त्याचा पुढे लिनून होतो, डार्क आणि नॉर्मल असा जोडटाइप. अ‍ॅलिस्टरसमोर हा हुकमी एक्का, कारण घोस्ट मूव्ह त्याला लागत नाहीत आणि त्याच्या डार्क मूव्ह समोरच्या बहुतेकांना झोंबतात. मिमिक्यू तेवढा अपवाद. तो फेअरीही असल्यामुळे डार्क त्याला साधाच लागतो. तोच लिनून स्वोर्डमध्ये बीआपुढे पाठवलात तर चौपट मार खाऊन पहिल्याच फेरीत आडवा. कर्लियाचं याच्या उलट. सायकिक आणि फेअरी दोन्ही असल्यामुळे फायटिंगचा मार तिला पाव हिश्शानं लागतो, बीआसमोर ती आरामात उभी राहते. अ‍ॅलिस्टरसमोर तिच्या सायकिक मूव्ह गेंगारला दुप्पट लागतात खऱ्या, पण घोस्टचा मार तिलाही दुप्पट बसतो, आणि आधी कोण मारतं यावर सगळं ठरतं. यूट्यूबवर एकाचा व्हिडिओ बघून दुसऱ्या गेममध्ये तीच टीम लावणारी पोरं मी पाहिली आहेत.

निवड कुणासाठी करताय यावर माझं उत्तर बदलतं. दहा-बारा वर्षांचं पोर, पहिलाच पोकेमॉन गेम, संध्याकाळी कराटेला किंवा तालमीत जाणारं असेल तर डोळे झाकून स्वोर्ड. बीआची लढत डोळ्यांना दिसते. कोण कुणाला मारतंय, का हरलो, पुढच्या वेळी काय न्यायचं, हे स्क्रीनवर घडतं. शील्डमध्ये का हरलो हे कळायला खाली येणारी इंग्रजी वाक्यं वाचावी लागतात, आणि गेममध्ये मराठी सोडा, हिंदीही नाही. मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलाला याचा फरक पडतो. उलट वाचायला कंटाळा नसलेली, कोडी सुटेपर्यंत मागे लागणारी मुलगी असेल, किंवा जुना पोकेमॉन खेळलेला कॉलेजवाला असेल, तर शील्डमध्ये त्याला जास्त मजा येईल. बीआ त्याला एका दमात संपल्यासारखी वाटेल.

अर्थात या सगळ्या हिशेबावर पाणी फिरवणारी एक चीज आहे, गॅलरची पोनिटा. पांढरी, निळ्या-जांभळ्या आयाळीची, शिंगवाली. ती फक्त शील्डमध्ये मिळते. मुलीनं तिचं चित्र आधीच पाहिलं असेल तर माझं काही ऐकू नका, शील्ड घ्या. तसाच स्वोर्डच्या बाजूचा हट्ट सरफेच्डचा. हातात कांद्याच्या पातीचा भाला धरलेलं ते बदक बीआकडे दिसतं आणि मग प्रत्येकाला हवं असतं. त्याच्यासाठी लागणारा गॅलरचा फारफेच्ड फक्त स्वोर्डमध्ये भेटतो. त्यानं एकाच लढतीत तीन वर्मी घाव घातले, की त्याचा सरफेच्ड होतो.

सहाव्या जिमचं थोडक्यात. सर्चेस्टर गावी स्वोर्डमध्ये गॉर्डी, रॉक टाइप. शील्डमध्ये त्याची आई मेलनी, आइस टाइप. रॉक आणि आइस दोन्ही फायटिंगपुढे नरम पडतात, आणि सातव्या जिमचा पिअर्स डार्कवाला, तोही तसाच. तेव्हा गेम कोणताही घ्या, टीममध्ये एक चांगला फायटिंग पोकेमॉन असला की पुढची वाट सोपी होते. मधे पाचव्या जिमवर ओपल आजी बसलेल्या असतात, फेअरीवाल्या, तेवढ्यापुरता त्याला बाकावर बसवायचा. शेवटच्या स्पर्धेत बीआ किंवा अ‍ॅलिस्टर पुन्हा भेटतात. बीआ तेव्हा हॉलूचा, ग्रॅपलॉक्ट आणि फॅलिंक्स असे नवे गडी आणते, पण तोवर तुम्हीही तयार झालेले असता.

कव्हरवरच्या कुत्र्याची मात्र गंमत आहे. फायटिंगची लीडर स्वोर्डमध्ये, पण फायटिंग टाइपचा दंतकथेतला पोकेमॉन झमाझेंटा, म्हणजे कव्हरवरचा कुत्रा, मिळतो शील्डमध्ये! स्वोर्डमधला झेशियन फेअरी आहे, म्हणजे बीआच्या टीमचा वैरी. आपल्याला कराटेवालीशी लढायचंय की आपल्याच हाती फायटिंगवाला हवाय, हे आधी ठरवा. मोठ्या पोरांना ऑनलाइन लढतीत रस असेल तर झेशियनचा दबदबा जास्त राहिला, हेही कानावर घालून ठेवतो.

कुस्ती-कराटेचंच वेड असेल तर विस्तार-पासबद्दलही, म्हणजे गेमला जोडून वेगळ्या घ्यायच्या वाढीव भागाबद्दलही, कळायला हवं. २०२० मध्ये आलेल्या आइल ऑफ आर्मर या भागात एक आखाडाच आहे. मस्टर्ड नावाचे म्हातारे वस्ताद, एके काळी १८ वर्षं चॅम्पियन राहिलेले, तुम्हाला कबफू नावाचं अस्वलाचं पिल्लू देतात. दोन मनोऱ्यांपैकी कोणत्या मनोऱ्यात त्याला तयार कराल त्यावर तो फायटिंग-डार्क होणार की फायटिंग-वॉटर हे ठरतं. हा आखाडा दोन्ही गेममध्ये जवळजवळ सारखाच आहे. म्हणून अ‍ॅलिस्टरसाठी शील्ड घेतलं तरी वस्तादांची तालीम हुकत नाही. माझ्या मते अख्ख्या गेममधली ही सगळ्यात जिवंत जागा आहे, बीआच्या स्टेडियमपेक्षाही.

घरात दोन भावंडं आणि दोन स्विच असतील तर एकानं स्वोर्ड, एकानं शील्ड. शेजारी बसून, इंटरनेट नसतानाही पोकेमॉनची अदलाबदल होते. पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्येही जमतं. स्विच एकच असेल तर दोन्ही गेम विकत घेऊ नका. एकाच गेमवर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल उघडा, दोघांची प्रगती वेगळी राहते.

जुनं कार्ट्रिज घेत असाल तर आधीच्या मालकाची प्रगती त्यात नसते, ती त्याच्या स्विचमध्येच राहते, त्यामुळे ती काळजी नको. पण "पाससकट देतो" असं कुणी म्हणालं तर डबी हातात घेऊन बघा. पास आतच असलेलं कार्ट्रिज वेगळं निघालं होतं आणि त्याच्या डबीवर तसं छापलेलं असतं. साध्या डबीतल्या गेमचा पास मालकाच्या खात्यावर असतो, तो तुमच्याकडे येत नाही. आणि नवा पास घेताना स्वोर्डसाठी स्वोर्डचाच घ्या, शील्डचा त्याला चालत नाही.