डब्लिन कॅसलच्या दागिने-चोरीची वॉकिंग टूर: जमली, पण शेवटी गुंडाळली

डब्लिनला आयरिश क्राऊन ज्वेल्सच्या चोरीवरची वॉकिंग टूर केली. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण थोडी तक्रार आहे. मला वाटलेलं मुकुट-बिकुट असेल, पण हे म्हणजे ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिकचा (आयर्लंडमधल्या सरदारांना मिळणारा राजेशाही सन्मान) हिरे-माणकं-पाचू जडवलेला स्टार आणि बॅज, १८३१ मध्ये ब्रिटनचा राजा चौथ्या विल्यमने दिलेले, शिवाय सरदारांच्या पाच कॉलर, म्हणजे गळ्यात घालायचे मानाचे हार. ६ जुलै १९०७ ला कळलं की तिजोरी रिकामी, आणि चार दिवसांनी राजा सातवा एडवर्ड येणार!

पैसे वसूल होतात ते कॅसलच्या चौकात बेडफर्ड टॉवरसमोर. दागिने इथेच होते आणि पोलिसांचं मुख्यालय पण याच आवारात, हे वाचून माहीत होतं, तिथे उभं राहिल्यावर मात्र हसूच येतं राव. दागिन्यांसाठी खास स्ट्राँगरूम बांधली, तर तिजोरी तिच्या दारातून आत जाईना, मग काय, राहिली लायब्ररीत. दागिने सांभाळणाऱ्या, टॉवरमधल्याच ऑफिस ऑफ आर्म्सच्या (सरदार घराण्यांची मानचिन्हं बघणारं सरकारी ऑफिस) दाराच्या सात किल्ल्या सात जणांकडे आणि तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या या ऑफिसचे प्रमुख सर आर्थर व्हिकर्सकडे. ३ जुलैला सकाळी साफसफाईवालीला बाहेरचं दार उघडं मिळालं, तिने सांगितलं तरी कोणी मनावर घेतलं नाही. चोराने बॅजची रिबन नीट सोडवून मागे ठेवली होती म्हणे, म्हणजे घाई अजिबात नव्हती, घरचाच माणूस असणार ना!

गाईड इथवर एकदम रंगवून सांगत होता, पण लफड्यावर आल्यावर घड्याळ बघायला लागला. अहो, खरी मजा तिथेच आहे! व्हिकर्सचा सहकारी फ्रान्सिस शॅकलटन, म्हणजे अंटार्क्टिकाच्या मोहिमांवाल्या अर्नेस्ट शॅकलटनचा भाऊ, त्याच्यावर संशय, त्याच्या मित्रमंडळींच्या समलैंगिक संबंधांची कुजबुज राजघराण्याच्या नातेवाइकापर्यंत पोचलेली, चौकशी बंद दाराआड, व्हिकर्स म्हणाला जाहीर चौकशी करा नाहीतर मी येत नाही, तर १९०८ मध्ये त्यालाच काढलं. शॅकलटन पुढे फसवणुकीत आत गेला पण या चोरीत कोणावरच खटला नाही. हे सगळं पाच मिनिटांत! १९२१ मध्ये आयआरएने (ब्रिटिशांविरुद्ध लढणारी आयरिश सशस्त्र संघटना) व्हिकर्सला गोळ्या घातल्या, ते तर मी विचारल्यावर सांगितलं.

पाचापैकी चार स्टार. दागिने बघायला मिळतील म्हणून जाऊ नका, ते अजून सापडलेले नाहीत (आमच्या ग्रुपमधले एक काका शेवटपर्यंत विचारत होते, कुठल्या मजल्यावर ठेवलेत).