कोकणात गिटार: हाताने घडवून घ्यायची की दुकानातली आणायची?

चार-पाच वर्षं वाजवून हात बसला की दुकानातली गिटार कुठेतरी अपुरी वाटायला लागते आणि आपल्या मापाची, कारागिराने घडवलेली एक असावी असं मनात येतं. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरीकडचं कुणी मला याबद्दल विचारतं तेव्हा मी आवाजाचं सगळ्यात शेवटी बोलतो. आधी विचारतो, घर समुद्रापासून किती लांब आणि पावसात गिटार ठेवणार कुठे?

चांगल्या गिटारचा टॉप (तारांखालची पुढची फळी) म्हणजे स्प्रूस किंवा सीडरचं जेमतेम २.५ ते ३ मिलिमीटर जाडीचं अस्सल लाकूड. सहा स्टीलच्या तारा मिळून त्यावर ७० किलोच्या आसपास ताण देतात. लाकूड ओलावा प्यायलं की रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. मग ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या) मागे टॉपला पोट येतं आणि तारा फ्रेटपासून (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात. माझ्या गिटारची जाड तार मे महिन्यात बाराव्या फ्रेटवर २.५ मिलिमीटर उंच होती. आषाढ संपता संपता स्टीलची पट्टी लावून पाहिली तर ३.२५ भरली. महिनाभर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) धरताना अंगठ्याचं मूळ दुखत होतं ते यामुळे.

प्लायच्या गिटारला हा त्रास बराच कमी. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे लाकडाला फुगायला वावच मिळत नाही. आवाज दबलेला येतो हे खरं. पण जी गिटार पडवीत पडून राहणार, गणपतीत आरती झाल्यावर चार पोरांच्या हातातून फिरणार, ती प्लायचीच बरी. शिकणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षं दुसरा विचार करू नये.

मधला पर्याय सॉलिड टॉपचा: वरचा टॉप अस्सल स्प्रूसचा, पाठ आणि बाजू स्वस्तातल्या लाकडाच्या किंवा प्लायच्या. यामाहाची एफजी ८०० ही याच पंगतीतली. माझं प्रामाणिक मत असं की बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो. अशा गिटारवर जाणकाराकडून नीट सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घेतला, तर वाचलेल्या पैशांत कितीतरी वर्षांच्या तारा येतील. खाऱ्या हवेत तारा भराभर गंजतात, तो खर्च इथे धरावाच लागतो.

मग हाताने घडवलेली कुणी घ्यावी? ज्याला नेमकं काय हवंय ते सांगता येतं त्याने. नट (दांडीच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ४३ मिलिमीटरचा अरुंद वाटतो, बोटांनी वाजवायला ४५ हवा. हात लहान आहे, ६५० ऐवजी ६३० मिलिमीटरचा स्केल (तारेची वाजणारी लांबी) हवा. असं ज्याला वाजवून वाजवून कळलंय त्याचं समाधान कारखान्याच्या मापात होत नाही. आणि आपल्याकडच्या हवेचा विचार कारखाना करत नाही, कारागीर करू शकतो. माझ्या कारागिराने दोन सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्ट्या) करून दिली, एक उन्हाळ्यासाठी आणि एक किंचित बुटकं पावसाळ्यासाठी. मृग लागला की तारा सैल करून मी ते बदलतो, दहा मिनिटांचं काम. नेक, म्हणजे दांडी, बोल्टने बसवलेली घेतली, म्हणजे पुढे तिचा कोन बदलायची वेळ आली तर सांधा वाफेवर सोडवत बसावं लागणार नाही. फ्रेंच पॉलिशला (हाताने चढवलेल्या लाखेच्या पॉलिशला) मी नाही म्हटलं. दिसायला त्यासारखं दुसरं नाही, पण घामाने आणि दमटपणाने ते लवकर खराब होतं. सरसाचंही तसंच. जुने सुतार सरसाची कितीही वाखाणणी करोत, ऊन आणि ओल एकत्र आली की सरस नरम पडतो. ब्रिजसाठी कोणता गोंद वापरणार हे विचारून घ्या.

त्याआधी मी एक महागडी, पूर्ण सॉलिड लाकडाची गिटार मागवली होती. पहिल्याच श्रावणात तिचा ब्रिज मागून उचलला, पोस्टकार्ड आत जाईल इतका. विकणाऱ्याचं उत्तर आलं, हवामानामुळे झालेलं वॉरंटीत बसत नाही. तेव्हापासून दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न मी किमतीच्या आधी विचारतो. कारागीर पुण्या-मुंबईकडचा असेल तर ने-आण आपल्या अंगावर येते, पण निदान फोन उचलणारा माणूस तोच असतो ज्याने ती जोडली.

लाकडाबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण कोकणातला माणूस हमखास विचारतो: आमच्या परड्यातला फणस चालेल का? २०२१च्या तौक्ते वादळात आमचा जुना फणस आडवा झाला आणि मीही तेच विचारलं. फणस चालतो. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम त्याचेच करतात, पाठ आणि बाजूंना तो शोभतो. टॉपला मात्र स्प्रूस किंवा सीडरच ठेवा. पाठीच्या दोन फळ्या साधारण पावणेदोन फूट लांब, ८ इंच रुंद. बाजूच्या पट्ट्या पावणेतीन फूट. इतक्या लांबीत गाठ नको, आणि फळ्या अशा कापायला हव्यात की रेषा पृष्ठभागाला उभ्या येतील. त्यानंतर टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत काही वर्षं वाळवणं. आमच्या फळ्या माळ्यावर पट्ट्या देऊन रचल्या. कारागिराने दुसऱ्या वर्षी एक उचलून पाहिली, नखाने टिचकी मारली, कानाशी धरली आणि म्हणाला, अजून नाही. माझी गिटार शेवटी शिसवीची झाली. फणस पुढच्या खेपेला.

पैशांचं थोडक्यात: आगाऊ रक्कम द्यावी लागते, महिनोन्महिने थांबावं लागतं, आणि विकायला काढली तर सहसा घातलेले पैसे परत येत नाहीत. ठरलेलं सगळं, मापांसकट, लिहून घ्या. कामाच्या खोलीत ओलावा किती राखता हे विचारा, ४५ ते ५० टक्के हे उत्तर हवं. पावसाळी हवेत तशीच जोडलेली गिटार पुढे घाटावर कोरड्यात नेली तर आकसून तडकते.

आणि घडवून घेणारच असाल तर ताबा दिवाळीनंतर मिळेल अशी ऑर्डर द्या. केसमध्ये ओलावा मोजायचा छोटा काटा ठेवा, चिऱ्याच्या भिंतीला टांगू नका, आणि दर महिन्याला बाराव्या फ्रेटवर पट्टी लावून आकडा लिहून ठेवा. मृगापर्यंत सहा महिने हातात असतात, तेवढ्यात तिची कोरड्यातली चाल तुम्हाला पाठ होते.