क्योतोचा एक दिवस आणि ११०० येनचा पास : दहा महिने वापरल्यानंतर

आम्ही ओसाकात राहायला आलो त्याला आता दहा महिने झाले. जपान बघायला येणारा आपला माणूस टोकियो करतो, ओसाका करतो आणि मधे 'क्योतोला एक दिवस' घालतो. इथून क्योतो गाडीने जेमतेम अर्धा तास, त्यामुळे पाहुण्यांना ते दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दीर-जाऊ, सासू-सासरे, कॉलेजच्या मैत्रिणी, सांगलीचे शेजारचे काका-काकू अशा नऊ फेऱ्या झाल्या. त्यातल्या सहा वेळा मी भुयारी रेल्वे आणि बसचा एक दिवसाचा पास घेतला, तीन वेळा मुद्दाम घेतला नाही. पास कितपत कामाचा आहे, आणि मुळात या शहराचं एका दिवसात काय बघावं, या दोन्हींबद्दल माझं मत पार बदललं आहे.

आधी पासाबद्दल. मोठ्या माणसाला ११०० येन, लहान मुलांना ५५०. भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरच्या मशीनमधून मिळतो. साधं जाडसर कागदी कार्ड असतं. शहर बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे. पहिल्यांदा उतरताना कार्ड पेटीच्या फटीत सरकवायचं. ते आत जाऊन परत बाहेर येतं तेव्हा पाठीमागे त्या दिवसाची तारीख छापलेली असते. नंतर दिवसभर ती तारीख ड्रायव्हरला दाखवली की झालं. शहराच्या आतल्या भागात बसचं एका वेळचं भाडं सरसकट २३० येन आहे, म्हणजे पाचव्या प्रवासाला ११५० होतात आणि पास फिटतो. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांसाठी ज्या जलद बस सुटतात त्यांचं भाडं ५०० येन आहे, पण पासावर त्यातही बसता येतं. अशा दोन फेऱ्या झाल्या तर हिशेब लवकरच जमतो.

कागदावर हे सगळं छान दिसतं. माझी पहिली फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली, लाल पानांच्या ऐन मोसमात. दीर आणि जाऊबाई आले होते. पास आहे म्हटल्यावर मी चारही कोपरे घेतले : सकाळी पश्चिमेला अराशियामाचं बांबूचं बन, मग वायव्येला सोनेरी मंदिर, मग पूर्वेला कियोमिझुचं मंदिर आणि शेवटी दक्षिणेला फुशिमी इनारीचं देवस्थान. फोनवरचा नकाशा जिथे चाळीस मिनिटं सांगत होता तिथे आम्हाला सव्वा तास लागला. दोन बस आमच्यासमोरून भरून गेल्या. त्या दिवसांत तिथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. आम्ही कियोमिझुच्या चढावर पोचलो तेव्हा उजेड जात आला होता आणि जाऊबाईंचे पाय सुजले होते. परतीच्या गाडीत त्या मला म्हणाल्या, "ताई, छान होतं हो सगळं, पण मला आता बसच आठवतेय." ते वाक्य माझ्या मनाला लागलं. त्यांनी रजा टाकून, इतका खर्च करून यावं आणि हजार वर्षांच्या राजधानीतली त्यांना आठवावी ती बस!

असं का होतं हे पुढच्या फेऱ्यांमध्ये कळत गेलं. ७९४ साली सम्राट कान्मूने इथे राजधानी वसवली ती चिनी राजधानीच्या धर्तीवर, सरळ उभ्या-आडव्या रस्त्यांच्या चौकटीत. तिन्ही बाजूंना डोंगर आहेत, आणि बघण्यासारखी बहुतेक देवळं त्या डोंगरांच्या पायथ्याशी, म्हणजे शहराच्या कडेकडेने आहेत. भुयारी रेल्वेच्या मार्गिका मात्र दोनच. एक उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम. दोन्ही शहराच्या मधोमध एकमेकींना छेदतात. कडेच्या देवळांपर्यंत त्या क्वचितच पोचतात. उरलेला भार सगळा बसवर, आणि ती बस गावातल्या लोकांचीही आहे. भाजीची पिशवी घेतलेल्या आजीबाई आपल्या गर्दीत अंग चोरून उभ्या असतात ते बघून मला फार अवघडल्यासारखं होतं. मोठ्या बॅगा घेऊन तर बसमध्ये कृपया चढूच नका. क्योतो स्टेशनवर लॉकर आहेत, फक्त मोसमात ते सकाळीच भरतात, तेव्हा बॅगा शक्यतो ओसाकालाच ठेवून या.

म्हणून आता माझा नियम एकच आहे : एका दिवसात शहराची एकच कड. पहिल्यांदा येणाऱ्याला मी पूर्वेची कड, तिच्या दक्षिण टोकाच्या फुशिमीपासून, दाखवते आणि सोनेरी मंदिर सरळ सोडायला सांगते. यावर घरोघरी वाद होतो, "क्योतोला जाऊन सोनेरी मंदिर नाही?" असं विचारलं जातं. मी तरी ठाम असते.

सकाळी सात-सव्वासातला क्योतो स्टेशन. तिथून जेआर या रेल्वे कंपनीच्या नारा मार्गावर इनारी दुसरंच स्टेशन आहे, पाच मिनिटं आणि १५० येन. फक्त साधी, प्रत्येक स्टेशनला थांबणारी गाडी घ्यायची, जलद गाडी इनारीला थांबत नाही. फुशिमी इनारीला दारही नाही आणि तिकीटही नाही, चोवीस तास उघडं असतं. आठच्या आत गेलात तर केशरी तोरणांच्या, म्हणजे दोन खांबांच्या कमानींच्या, त्या रांगेत आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो. दहानंतर माणसांच्या पाठी दिसतात. वर चढताना खांब नुसते केशरी असतात, पण उतरताना मागे काळ्या अक्षरांत तोरण वाहणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली दिसते. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात ना, अगदी तसंच. शिखरापर्यंत जायची गरज नाही. मधल्या योत्सुत्सुजी नावाच्या चौकापर्यंत गेलं की खाली शहर दिसतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सुरुवातीच्या दाट तोरणांमधूनच परत फिरावं.

तिथून केइहान कंपनीच्या रेल्वेने शिचिजो स्टेशन आणि तिथून चालत सान्जूसान्गेन्दो हे बौद्ध मंदिर. बहुतेक जणांच्या यादीत हे नाव नसतं. आमच्या यादीत ते आता सगळ्यात वर आहे, आणि त्याचं कारण माझ्या सासूबाई.

मार्चमध्ये त्यांना तिथे घेऊन गेले. चपला काढून आत गेलो. थंडगार लाकडी जमीन, उदबत्तीचा वास आणि सुमारे १२० मीटर लांबीचं एकच दालन. त्यात सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती. मधे एक मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या, सोन्याचा वर्ख काळवंडलेला. मूळ दालन ११६४ सालचं, ते १२४९ साली जळलं. आगीतून वाचवलेल्या मूर्तींसकट आत्ताचं दालन १२६६ मध्ये उभं राहिलं. या सगळ्यांच्या पुढे २८ रक्षक देवता ओळीने उभ्या आहेत. सासूबाई सावकाश एकेकीसमोर थांबत चालल्या होत्या. एका मूर्तीपाशी त्यांनी माझा हात धरला. चोच, पंख आणि हातात बासरी. "अगं, हा तर आपला गरुड!" पाटीवर वाचलं तर खरंच, जपानीत त्याला कारुरा म्हणतात. मग त्यांनी इंद्र शोधला, ब्रह्मदेव शोधला, हाडं दिसणारे म्हातारे वसू ऋषी शोधले. आमचा सव्वा तास तिथेच गेला. पुढचं एक ठिकाण गळलं, पण त्याची कुणालाच खंत वाटली नाही. आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काही नाही. तिकीट ६०० येन होतं.

तिथून कियोमिझुचा पायथा जवळ आहे. धडधाकट माणसं चालत जातात. ज्येष्ठ बरोबर असतील तर मी सरळ टॅक्सी करते. चौघांत भाडं वाटलं की बसच्या भाड्याहून फार जास्त पडत नाही आणि चढाचा बराच भाग वाचतो. कियोमिझुचा लाकडी सज्जा १६३३ सालच्या बांधणीचा, खाली १३ मीटर उंच खांब, आणि तो सगळा डोलारा खिळे न ठोकता लाकडात लाकूड अडकवून उभा केलेला. मंदिर सकाळी सहाला उघडतं. मुक्काम क्योतोतच असेल तर दिवस इथून सुरू करा, फुशिमी नंतर. पुढे सान्नेन्झाका, निनेन्झाका हे पायऱ्यांचे उतार, मारुयामा बाग आणि यासाका देवस्थान हे सगळं पायीच. शेजारच्या गिओन या जुन्या वस्तीतल्या काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद आहेत, १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्या आहेत. रस्त्यात गेइको-माइको (गेइशा आणि शिकाऊ गेइशा) दिसल्या तर त्यांच्या मागे फोन घेऊन धावू नका. त्या कामावर निघालेल्या असतात.

जेवणाबद्दल शाकाहाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावं. भाजीचा दिसणारा रस्साही बहुतेक वेळा सुक्या मासळीच्या पाण्यात केलेला असतो. सासूबाईंसाठी मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते. सोबत दुकानातली उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली भाताची मूद, जी त्यांना लिंबाच्या जुन्या लोणच्यासारखी लागली. आम्ही कामो नदीच्या काठावर बसलो. तिथे घारींपासून जपा. पाट्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत : सासऱ्यांच्या हातातली अर्धी दशमी मागून आलेल्या घारीने उचलली, त्यांना नुसता पंखाचा वारा लागला. तेव्हापासून आम्ही भिंतीला पाठ लावून बसतो. कचऱ्याचे डबे फारसे नाहीत, एक पिशवी जवळ ठेवा.

आता या दिवसात पास किती वापरला गेला ते बघा. इनारीची जेआर पासात नाही. केइहानची गाडीही नाही. उरली फार तर एखादी बस, संध्याकाळी भुयारी रेल्वेची एक फेरी. ११०० पैकी निम्मेही फिटत नाहीत. सहापैकी चार पास माझे असे वाया गेले. पूर्वेच्या कडेला जाणार असाल तर पैसे भरून वापरायचं साधं इकोका कार्ड पुरतं. जेआर, केइहान, बस, भुयारी रेल्वे सगळीकडे चालतं आणि सुट्टे मोजत बसावं लागत नाही.

पास खरा कामाला आला तो दुसऱ्यांदा आलेल्यांसाठी, वायव्येच्या कडेला. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्योतो स्टेशनवरून सोनेरी मंदिराची थेट बस घेऊ नका. भुयारी रेल्वेने उत्तरेला किताओजीपर्यंत जा आणि तिथून बस पकडा. सगळा गर्दीचा भाग जमिनीखालून पार होतो आणि बसचा तुकडा छोटा उरतो. सोनेरी मंदिर १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळलं होतं, आत्ताचं १९५५ चं आहे. तरी तळ्यातलं प्रतिबिंब बघून मन निवतं. पुढे ५९ क्रमांकाच्या बसने र्योआन्जी मंदिर. तिथल्या वाळूच्या बागेत १५ दगड आहेत आणि कुठेही बसलं तरी एक तरी लपतोच. माझ्या मैत्रिणी पाऊण तास जागा बदलत मोजत होत्या. मग निजो किल्ला, जिथे १८६७ मध्ये शेवटच्या शोगुनने (लष्करी राज्यकर्त्याने) सत्ता सोडायचं जाहीर केलं आणि जिथली जमीन पाय ठेवला की चिवचिवते. चारच्या आत पोचायला हवं, नंतर आत सोडत नाहीत. अशा दिवशी पाच-सहा प्रवास सहज होतात आणि पास फिटून वर उरतो.

पासाबद्दल एक खटकणारी गोष्ट म्हणजे तो चोवीस तासांचा नाही, तारखेचा आहे. दुपारी घेतलात तर उरलेलाच दिवस मिळतो.

आता ऑगस्टमध्ये माझी मावशी येते आहे. उन्हाळा इथे पस्तीस अंशांच्या वर जातो, दमटपणा मुंबईचा. म्हणून आदल्या रात्री क्योतोतच मुक्काम, सहाला कियोमिझु, अकराच्या आत परत खोलीवर आणि दुपारभर झोप. तारीख मुद्दाम १६ ऑगस्ट धरली आहे. पितरांना निरोप द्यायला त्या रात्री आठ वाजता शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर आगीची अक्षरं आणि आकृत्या पेटवतात. आम्ही कामोच्या काठावर जाऊन बसणार आहोत. पास घेणार नाही.