दोन मोटरींमधील कलांतर: एक्सॉर गेट, फ्लिप-फ्लॉप की काउंटर?

दोन मोटरी समान वेगाने फिरत असताना एकीची खूण दुसरीच्या किती आधी किंवा नंतर येते, हे कलांतर मोजण्यासाठी प्रत्येक शाफ्टवर चुंबक आणि त्यासमोर हॉल सेन्सर (चुंबक समोर येताच विद्युत संकेत देणारा) बसवला, तर पुढचा प्रश्न परिपथाचा उरतो. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा 20 मिलिसेकंदांत पूर्ण होतो, म्हणजेच एक अंश सुमारे 55.6 मायक्रोसेकंदांचा असतो.

एक्सॉर गेट सर्वांत सोपे आहे. दोन्ही सेन्सरच्या लहरी वेगळ्या (एक उच्च, दुसरी नीच) असतील तेवढाच वेळ त्याचे आउटपुट उच्च राहते, आणि रोध व संधारित्राच्या फिल्टरनंतर 5 व्होल्टच्या परिपथात 90 अंशांना सरासरी 2.5 व्होल्ट मिळतात. मात्र, लहरीचा उच्च व नीच काळ समान असावा लागतो, त्यामुळे लहान चुंबकाचा अरुंद पल्स येथे उपयोगी पडत नाही. शिवाय 60 अंश पुढे आणि 60 अंश मागे या दोन्ही स्थितींत आउटपुट सारखेच येते.

ही उणीव दोन डी फ्लिप-फ्लॉप (उच्च किंवा नीच अवस्था लक्षात ठेवणारे परिपथ) आणि एक अँड गेट (दोन्ही इनपुट उच्च असतील तरच उच्च आउटपुट देणारे) मिळून भरून काढतात. ज्या मोटरीचा पल्स आधी येतो तिचा फ्लिप-फ्लॉप सेट होतो आणि दुसरा पल्स येताच दोन्ही रीसेट होतात. कोण पुढे आहे हे त्यावरून थेट कळते आणि वेगातील फरकही उमगतो. 4046 या एकाच आयसीत एक्सॉर आणि या जातीचा, कडांवर (पल्स नीच-उच्च बदलतो त्या क्षणांवर) चालणारा तुलनाकारक असे दोन्ही मिळतात. पण ब्रशच्या ठिणग्यांमुळे एक जरी खोटा पल्स शिरला, तरी हा परिपथ चुकीचा निर्णय देतो. एक्सॉर असा गोंगाट अधिक सहन करते.

अंशांत आकडा हवा असेल, तर काउंटरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका मोटरीच्या कडेवर मोजणी सुरू आणि दुसरीच्या कडेवर बंद केली, तर 1 मेगाहर्ट्झ क्लॉकवर (काउंटर मोजतो ते सेकंदाला दहा लाख ठोके) वरील वेगाला 0.018 अंशांपर्यंतचा फरक दिसतो. वेग बदलत असल्यास पूर्ण फेऱ्याचा काळही मोजून गुणोत्तराला 360 ने गुणावे. 16 बिटांचा काउंटर सुमारे 65.5 मिलिसेकंदांत भरतो, म्हणून मिनिटाला साधारण 916 फेऱ्यांखाली त्याला अधिक बिटे किंवा संथ क्लॉक द्यावे लागते. 1 आणि 359 या वाचनांची सरासरी 180 येते, प्रत्यक्षात मात्र मोटरी जवळजवळ जुळलेल्या असतात. म्हणून 180 हून मोठ्या वाचनातून सरासरीआधीच 360 वजा करावेत.

दोन मोटरी एकमेकींशी आपोआप जुळवून ठेवायच्या असतील, तर मात्र फ्लिप-फ्लॉपची जोडीच योग्य ठरते. कोणताही परिपथ निवडला, तरी सेन्सरनंतर श्मिट ट्रिगर (डळमळता संकेत स्वच्छ, ठळक कडांचा करणारा परिपथ) हवाच. चुंबक एका अंशाने तिरका बसला, तर काउंटरची सूक्ष्मता वाया जाते, म्हणून दोन्ही शाफ्ट ज्ञात स्थितीत जोडून हातानेच सावकाश एक फेरा द्यावा आणि दोन्ही सेन्सर ज्या कोनांवर बदलतात त्यांतील फरक पुढील प्रत्येक वाचनातून वजा करावा.