पुण्या-मुंबईहून कोल्हापूर : एसटी की रेल्वे?

पुणे ते कोल्हापूर हे अंतर महामार्गाने सुमारे २३० किलोमीटर आहे. रेल्वे मात्र सांगली-मिरजेचा वळसा घालून येत असल्यामुळे ते सव्वातीनशेच्या घरात जाते, आणि १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर फाटा आजही येथेच संपतो. म्हणून पुण्याहून दिवसा येणाऱ्याने स्वारगेटवरून एसटी धरावी, हेच व्यवहार्य.

मुंबईकरांसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस उजवी. पाठ टेकून झोपावे आणि सकाळी शाहू महाराज टर्मिनसवर उतरावे. नवरात्रात आरक्षण मिळाले तर, अर्थातच!

मध्यवर्ती बसस्थानक रेल्वेस्थानकापासून चालत जाण्याइतके जवळ असल्याने, पुढे अंबाबाईच्या देवळापर्यंत दोघांचीही सोय सारखीच : सामान जड असल्यास रिक्षा, एरवी केएमटी, म्हणजे महापालिकेची शहर बस.