४९९ रुपयांचा कोर्स आणि एक 'कॉन्सिक्वेंटली'

ऑफिस इंग्लिशचा ऑनलाइन कोर्स घेतला होता, ४९९ रुपये, नाव नाही सांगत कारण पुढे जरा तक्रार करणारे. बाकीचे धडे ठीकठाक, ते सोडा. मी पैसे भरले ते कॉन्सिक्वेंटलीच्या धड्यासाठी, कारण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, दिवसातून चार वेळा माल का उशिरा पोचला ते पार्टीला मेलवर कळवायचं, आणि आमचे साहेब दर वेळी या शब्दापाशीच अडतात.

सुरुवातीलाच मॅडम सांगतात, कॉन्सिक्वेंटली म्हणजे 'म्हणून'. संपलं! अहो मग सो म्हणजे काय, देअरफोर म्हणजे काय? शब्द मूळचा लॅटिन, मागोमाग येणं असा अर्थ, म्हणजे आधी काहीतरी घडलं आणि त्याच्या मागून त्याचा परिणाम आला. शिवाय शब्द भारदस्त आहे. 'भूक लागली, सबब वडापाव खाल्ला' असं कोणी म्हणालं तर आपण हसू ना, कारण सबब अर्जात शोभतो, गप्पांत नाही, तसंच हे. एवढी एक ओळ मॅडमनी सांगायला हवी होती.

पण कॉमाचा भाग मात्र झकास, माझे पैसे तिथेच वसूल झाले. आपण 'गाडी बंद पडली म्हणून माल उशिरा पोचला' एका दमात म्हणतो, 'म्हणून' कारणाला चिकटून येतो, आणि त्याच सवयीने मी इंग्लिशमध्येपण मधे नुसता कॉमा टाकून सगळं एकाच वाक्यात कोंबायचो. इंग्लिशमध्ये ते चालत नाही कारण हा शब्द बट किंवा सो सारखा दोन वाक्यं जोडत नाही, तो क्रियाविशेषण आहे. आधी पूर्णविराम नाहीतर सेमिकोलन, मग कॉन्सिक्वेंटली, मग कॉमा. 'द ट्रक ब्रोक डाऊन. कॉन्सिक्वेंटली, द डिलिव्हरी वॉज डिलेड.' मधेपण बसतो, 'वॉज कॉन्सिक्वेंटली डिलेड', तेव्हा कॉमाची गरज नाही. इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, शाळेत तर नाहीच.

क्विझने मात्र पार घोळ घातला. 'ट्रक सकाळी निघाला, कॉन्सिक्वेंटली ड्रायव्हर जेवला' याला चक्क हिरवी टिक! अरे ड्रायव्हर जेवला तो भुकेने, ट्रक निघाल्यामुळे थोडाच? इथे नुसतं 'नंतर' म्हणायचंय, त्याला सबसिक्वेंटली. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, तिथेच तर माणूस चुकतो, आणि तिथेच यांनी चुकीचं शिकवलं. सपोर्टला लिहिलं तर दोन दिवसांनी 'थँक यू फॉर युवर फीडबॅक', टिक अजून हिरवीच.

हेन्स हाही 'म्हणून' याच अर्थाचा शब्द, पण त्याला दोन मिनिटंसुद्धा दिलेली नाहीत. त्याच्यापुढे नुसतं नाम चालतं, 'हेन्स द डिले', कॉन्सिक्वेंटलीला ते जमत नाही, हे मला बाहेरून कळलं.

ऑफरमध्ये मिळाला तर घ्या, क्विझ सोडवू नका. खरं तर साडेतीन स्टार द्यायचे होते, अर्धा देता येत नाही म्हणून तीन.